दूध डेअरीला, हप्ता एजंटला आणि चौदा महिन्यांची पोरगी

माण तालुक्यातल्या एका वाचक दादांचं पत्र आलंय, थोडं कमी करून पण त्यांच्याच शब्दांत देते.

"मॅडम, माझं वय ३१. दोन एकर जिरायत, दोन जर्सी गाई. मुलगा ४ वर्षांचा, मुलगी १४ महिन्यांची. मुलाच्या नावाने दोन वर्षांपूर्वी चाइल्ड प्लॅन घेतला, वर्षाला ३०,००० हप्ता, १५ वर्षं भरायचा, १८ वर्षांनी ९ लाख मिळणार. दोन हप्ते भरले, तिसरा पुढच्या महिन्यात. आता तेच एजंट (आमच्या पाहुण्यातले आहेत) मुलीच्या नावानेपण २४,००० चा घ्या म्हणतात. घेऊ का सुकन्या बरी? पैशाची सोय होईल, मिसेस कांद्याच्या कामाला जायला लागलीय, ३०० रोज मिळतो, मुलीला आई सांभाळते, मोबाईल दिला की पोरगी शांत बसते. दूध घरी ठेवत नाही, १२ लिटर निघतं ते सगळं डेअरीला घालतो, पोरं चहा-बटर खातात. मागचा हप्ता गटाच्या कर्जातून भरला, १७,००० बाकी आहेत. आम्ही माळकरी, अंडी-मटण चालत नाही. मुलगी जरा बारीक आहे, अंगणवाडीच्या ताई वजन कमी भरतंय म्हणतात पण आमच्यात सगळे बारीकच."

दादा, विचारलंय त्याचं उत्तर आधी. दुसरी पॉलिसी घेऊ नका. सुकन्या खातं पोस्टात उघडा पण सध्या महिन्याला २५० च्या वर टाकू नका, का ते पुढे येईलच.

आता पहिल्या पॉलिसीचं बघू. ३० हजार गुणिले १५ म्हणजे साडेचार लाख तुम्ही भरणार आणि पत्रासोबतच्या फोटोत विम्याची रक्कमपण साडेचार लाखच आहे, म्हणजे खात्रीचे तेवढेच, बाकीचे साडेचार लाख म्हणजे बोनसचा अंदाज, तो कॅलेंडरच्या पाठीमागे पेनाने लिहून कोणी दिला म्हणून पक्का होत नाही. असल्या पॉलिसीत साधारण पाच टक्के सुटतात, त्या हिशोबाने १८ वर्षांनी पावणेआठ-आठ लाख होतील. महागाई सहा टक्के धरली तर त्या आठ लाखात तेव्हा आजच्या पावणेतीन लाखांचं सामान येईल, एवढंच. आणि ह्या पाच टक्क्यांसाठी तुम्ही गटाचं २४ टक्क्यांचं कर्ज काढलंत! ३० हजारांचं कर्ज वर्षभर हप्त्याहप्त्याने फेडलं तरी व्याज नि फी मिळून चार हजार तरी जातात, म्हणजे एका वर्षाचा सगळा फायदा व्याजातच गेला.

आणखी एक, विमा कोणाचा काढलाय ते बघा. चार वर्षांच्या पोराचा! घर चालतं तुमच्या दोघांच्या कमाईवर आणि तुमच्या नावाने एक रुपयाचा विमा नाही. तुम्हाला काही झालं तर हप्ते माफ व्हायचा रायडरपण (पॉलिसीला जोडलेली जादा सोय) त्या कागदात दिसत नाही, म्हणजे तुम्ही गेलात तर तुमच्या मिसेसना रोजंदारी करून पोराच्या पॉलिसीचे हप्ते भरावे लागतील. असं प्रॉडक्ट दोन एकर जिरायतवाल्या घरात विकणं मला अजिबात पटत नाही, आणि विकणारा पाहुण्यातला आहे म्हणून ते बरोबर होत नाही.

तुमच्यासारख्या पॉलिसीला दोन वर्षांनंतर भरलेल्या पैशाच्या तीसेक टक्के सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडली तर परत येणारी रक्कम, मिळते, म्हणजे ६० हजारातले साधारण १८ हजार. उरलेले गेले, मला माहितीय हे ऐकायला जड जातं. नुसता हप्ता बंद करून पॉलिसी पेड-अप ठेवली तर १६ वर्षांनी साठेक हजार आणि वर थोडा जमलेला बोनस मिळेल, पण आजच्या १८ हजारांवर ८ टक्के धरले तर १६ वर्षांनी तेपण साठेक हजारच होतात, आणि तुमच्या डोक्यावर तर २४ टक्क्यांचं कर्ज आहे. सरेंडर करा, त्यातून गटाचे १७,००० एकरकमी फेडा. २०१३ साली तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास छापून आला होता, तोडणीच्या आधी हातात पैसा नसताना त्यांनी डोकं चालवायच्या चाचण्या दिल्या आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर परत दिल्या, तीच माणसं आधी कमी पडली आणि नंतर जास्त चांगली निघाली. दर आठवड्याच्या हप्त्याची काळजी ज्या घरात असते तिथे मोठ्यांचं चित्त पोरांकडे किती राहतं हे मी वेगळं सांगायला नको.

पण दादा, खरं बोलायचंय ते तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल.

"आमच्यात सगळे बारीकच" असं तुम्ही सहज लिहून गेलात. केंद्र सरकारचं २०१९-२१ चं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा, महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० पोरांत ३५ पोरं वयाच्या मानाने बुटकी आहेत. शंभरात पस्तीस असली की आजूबाजूला सगळीच तशी दिसतात, मग ते घराण्याचं वाटायला लागतं. पुष्कळदा ते घराण्याचं नसतं, ताटातलं असतं, वारंवार होणाऱ्या जुलाबातलं असतं, आईच्या गरोदरपणातल्या खाण्यातलं असतं. आणि हे फक्त उंचीचं नाही. दोन वर्षांच्या वयापर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ८० टक्के वजनाचा झालेला असतो. ज्वारी पोटरीत असताना पाण्याची पाळी चुकली की नंतर कितीही पाणी द्या, कणीस भरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पोरांचं इतकं टोकाचं नसतं, नंतरही भरून निघतं काही प्रमाणात, पण महाग पडतं आणि पूर्ण निघेलच असं नाही. तुमची पोरगी १४ महिन्यांची आहे, म्हणजे ह्या काळातले दहा महिने अजून हातात आहेत.

गरीब गावांतल्या पोरांवर जगभर अभ्यास झालेत, इक्वेडोर, पेरू, इथिओपिया, आपल्याकडे आंध्र-तेलंगणा. सगळीकडे एक गोष्ट दिसते की एकाच भागातल्या गरीब आणि त्यातल्या त्यात बऱ्या घरातल्या पोरांच्या शब्दसाठ्यात शाळेत जायच्या आधीच फरक पडलेला असतो, पाचव्या वर्षी तो स्पष्ट मोजता येतो. आणि ह्या असल्या अभ्यासात घरची संपत्ती कशी मोजतात माहितीय? पगार विचारत नाहीत बहुतेक वेळा, कारण शेतकऱ्याला पगार नसतो. घरात काय काय आहे ते बघतात, फरशी का शेणाची जमीन, संडास, गॅस, टीव्ही, गाडी, जनावरं. तुमच्या घरी असं कोणी आलं तर दोन जर्सी गाई बघून तुम्हाला गावातल्या बऱ्या घरांत धरेल. आणि त्याच गाईंचं दूध पोरीच्या वाटीपर्यंत पोचत नाही. तुम्ही डेअरीच्या पावतीचा फोटो पाठवलाय, सकाळी साडेसहा लिटर, संध्याकाळी साडेपाच, दहाही दिवस सगळा आकडा भरलेला, एक दिवस अर्धा लिटर कमी नाही. संपत्ती आहे, पण ती दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून निघून गटाला आणि विमा कंपनीला जाते, पोरीच्या वाट्याला चहा-बटर.

पैसा पोराच्या डोक्यात जातो तो दोनतीन वाटांनीच. एक वाट पोटातून. ग्वाटेमालात १९६९ ते ७७ ह्या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला, दोन खेड्यांत लहान पोरांना दूध पावडर घातलेलं प्रोटीनवालं पेय रोज, दुसऱ्या दोन खेड्यांत नुसतं गोड सरबतासारखं. पोरं मोठी होऊन कमवायला लागली तेव्हा परत शोधून काढली, ज्या मुलग्यांना पहिल्या दोन-तीन वर्षांत ते प्रोटीनवालं मिळालं होतं त्यांची तासाची कमाई दुसऱ्यांपेक्षा ४६ टक्के जास्त निघाली. तुमच्या एजंटच्या कुठल्याही कागदावर असला आकडा नाही.

आणि लांब कशाला जायचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या पोरांना मोजतायत. त्या गरोदर बायकांत निम्म्याहून जास्त जणींचं बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. पुढे त्यांची पोरं नऊ वर्षांची झाल्यावर चाचण्या घेतल्या तेव्हा ज्यांच्या आईचं बी-१२ गरोदरपणी खूप कमी होतं ती पोरं लक्ष टिकवण्यात आणि आकडे लक्षात ठेवण्यात मागे होती. बी-१२ मिळतं मटण, मासे, अंडी आणि दुधातून. तुम्ही माळकरी, तुमची माळ तुमच्या जागी, तिला मी हात लावत नाही, पण मग तुमच्या घरात बी-१२ यायला दूध, दही, ताक हीच वाट उरली आणि तीच तुम्ही हप्त्यासाठी बंद केलीत. मुलीला अंगावर पाजतात की नाही ते लिहिलं नाहीत, पाजत असतील तर दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा, आणि मिसेसची बी-१२ नि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या, कारण आईतच नसेल तर दुधात कुठून येणार.

दुसरी वाट म्हणजे पोरीशी बोलणारं माणूस. जमैकात किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये १२९ खुरटलेली पोरं घेतली, ९ ते २४ महिन्यांची, बरोबर तुमच्या पोरीच्या वयाची. त्यातल्या काही घरांत दोन वर्षं आठवड्यातून एक तास आरोग्य सेविका जायची, घरातल्याच वस्तूंची खेळणी करून आईला दाखवायची की पोराशी असं बोल, असं खेळ, हे काय ते काय विचार. बस, एवढंच. वीस वर्षांनी त्या पोरांची कमाई बाकीच्या खुरटलेल्या पोरांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. ती खेडी नव्हती, शहर होतं, पण गरिबी तीच आणि वय तेच. आता तुमचा हिशोब करू. मुलीच्या पॉलिसीचा हप्ता २४,०००, मिसेसचा रोज ३००, म्हणजे ८० दिवस. ८० दिवस आई सकाळी कांद्यावर जाणार आणि पोरगी मोबाईलसमोर, ते पण कशासाठी तर तिच्याच शिक्षणासाठी पाच टक्क्यांनी पैसे साठवायला. घरखर्चासाठी जावं लागत असेल तर मी एक शब्द बोलणार नाही, पण नुसत्या ह्या हप्त्यासाठी जाऊ नका हो.

आजींना पण सांगा, मोबाईल ठेवा बाजूला. त्यांच्याकडे बडबडगीतं असतील, जात्यावरच्या ओव्या असतील, गोठ्यातल्या गाईंची नावं असतील, पोरीला कडेवर घेऊन जे दिसेल त्याचं नाव सांगत फिरा, चार वर्षांच्या भावालापण त्यात ओढा. ह्याला हप्ता नाही.

आता पैसे कसे वळवायचे. दोन्ही पॉलिसींचे मिळून ५४ हजार तुमच्याकडे मुळात नाहीतच, ३० भरायलाच कर्ज लागलं, म्हणून मी ३० च धरते. रोज एक लिटर दूध घरी, दर ३३ धरला तर वर्षाला १२ हजार. मुलीला त्यातलं दिवसभरात ३००-४०० मिली बास, नुसत्या दुधावर पोट भरलं तर बाकीचं खात नाही आणि लोह कमी पडतं, उरलेलं मुलाला आणि दही लावून मिसेसना. डाळ, शेंगदाणे, तीळ, पालेभाजी, केळी ह्यासाठी महिन्याला ५०० जास्तीचे, झाले ६ हजार. बँकेत जाऊन दोघांचा ४३६ वाला जीवन ज्योती आणि २० वाला सुरक्षा विमा, मिळून हजाराच्या आत, प्रत्येकी २ लाख आणि अपघात असेल तर आणखी २ लाख. तुमच्या नावाने साधी टर्म पॉलिसी (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारी) मिळतेय का बघा, चार-पाच हजारात काय बसेल ते घ्या. सुकन्याला २५० महिना, वर्षाचे ३,०००, सध्याचा ८.२ टक्के दर टिकला तर २१ वर्षांनी सव्वा लाखाच्या वर. उरलेले तीनेक हजार बचत खात्यात, गाय आजारी पडली की परत गटाकडे जायला नको. पोरगी तीन वर्षांची झाली, कर्ज नाही, की सुकन्या वाढवू, तेव्हा मला परत लिहा.

अंगणवाडीच्या ताई म्हणतायत ते खरं माना. ह्याच आठवड्यात जाऊन वजनाबरोबर उंचीपण मोजून घ्या आणि तक्त्यावर पोरगी कुठल्या रंगात येते ते स्वतः बघा. फारच खाली असली तर त्या आरोग्य केंद्रात पाठवतील, जा, टाळू नका, तिथे पैसे लागत नाहीत. घरपोच आहाराची पाकिटं मिळतात ती पोरीलाच घाला, सगळ्या घरात वाटू नका. आशाताईंकडून लोहाचं सिरप घ्या, आठवड्यातून दोनदा असतं, आणि वर्षातून दोनदा जंताचं औषध.

एजंट पाहुण्यातले आहेत म्हणून नाही म्हणायला अवघड वाटत असेल. सरेंडरचा अर्ज त्यांच्या हातात देऊ नका, ते थांबवतील, "अजून एक हप्ता भरा मग बघू" म्हणतील. थेट कंपनीच्या ब्रँचला जा, पॉलिसीचा मूळ बाँड, आधार, पॅन आणि बँक पासबुक घेऊन, आणि पहिल्यांदा सरेंडर व्हॅल्यूचा आकडा लेखी मागा. १८ हजारांपेक्षा फार कमी सांगितला तर सही करू नका, कागदाचा फोटो मला पाठवा. तिसऱ्या हप्त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, त्याच्या आत हे झालं पाहिजे, बँकेतून हप्ता आपोआप कापला जात असेल तर ते आधी बंद करा.