झोंबी वैज्ञानिकदृष्ट्या शक्य आहेत का?

झोंबींवर कथा लिहायची आहे, ती विज्ञानाच्या बाजूने खटकू नये, तर मेलेला माणूस उठून चालू लागण्यामागे पटेल असं काय कारण देता येईल, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं स्पष्ट मत आहे की मेलेला माणूस चालवूच नका. कुठलाही विषाणू किंवा रसायन त्यातली अडचण दूर करू शकत नाही. त्याऐवजी जिवंत पण आजारी माणूस घ्या.

अडचण फक्त मेंदूची आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. रक्तपुरवठा थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूचं कायमचं नुकसान सुरू होतं, हे खरं आहे. 2019 मध्ये येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मृत्यूनंतर चार तासांनी डुकरांच्या मेंदूत रक्तासारखा द्रव फिरवून पेशींची काही कामं पुन्हा सुरू केली, पण जाणिवेशी जोडलेली विद्युत हालचाल कुठेच दिसली नाही. समजा मेंदूही बाजूला ठेवला आणि हुकूम दुसराच कुणी सोडतोय असं धरलं, तरी स्नायू ऐकणार नाहीत. स्नायू आकसायला एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं हे आपण शाळेत शिकतो. आकसलेला स्नायू सैल व्हायलाही एटीपीच लागतं, ही खरी मेख आहे. स्नायूतलं मायोसिन नावाचं प्रथिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला धरून बसतं आणि एटीपीचा नवा रेणू आल्याशिवाय सुटत नाही. श्वास थांबला की एटीपी तयार होणं थांबतं, म्हणून प्रेत काही तासांत ताठ होतं. पुढे एक-दोन दिवसांत ते पुन्हा सैल पडतं, पण ते स्नायूंतली प्रथिनं तुटायला लागल्यामुळे. म्हणजे पहिल्या दिवशी तुमच्या झोंबीचा गुडघा वाकणार नाही, आणि नंतर वाकला तरी त्या पायात वजन पेलायची ताकद नसेल.

आता जिवंत शरीराचा ताबा घेणारी बुरशी चालेल का, ते पाहू. ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी मुंग्यांना अक्षरशः वेठीला धरते. थायलंडच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवर राहणाऱ्या सुतार मुंग्यांचा अभ्यास झाला आहे. लागण झालेली मुंगी शेंडा सोडून खाली येते, जमिनीपासून साधारण 25 सेंटिमीटर उंचीवर पानाच्या खालच्या बाजूची शीर जबड्यात पकडते आणि तिथेच मरते. मग तिच्या डोक्यामागून बुरशीचा देठ उगवतो आणि बीजाणू खाली सांडतात. मला यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट 2017 मध्ये समोर आली: बुरशीच्या पेशी मुंगीच्या शरीरभर स्नायूंभोवती जाळं विणतात, पण मेंदूत शिरत नाहीत. मात्र ही करामत त्या बुरशीने मुंग्यांच्या सोबतीने लाखो वर्षांत कमावलेली आहे, आणि एक जात सहसा मुंगीच्या एकाच प्रजातीपुरती असते. माणसाच्या 37 अंशांच्या शरीरात बहुतेक बुरशा वाढूच शकत नाहीत. त्यामुळे मुंगीवरून थेट माणसावर उडी मारणारी बुरशी मला पटत नाही.

तुमच्या कामाचा नमुना रेबीज आहे. हा विषाणू चाव्यातून शिरतो, नसांमधून सरकत मेंदूपर्यंत जातो आणि तिथून लाळग्रंथींत उतरतो. रोगी बिथरतो, पाणी गिळताना त्याच्या घशाला पेटके येतात, लाळ तोंडातच साठते. चावण्याची ओढ आणि लाळेत विषाणू, दोन्ही एकाच वेळी! लक्षणं दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. तरीही माणूस माणसाला चावून रेबीज पसरल्याचं खात्रीने सिद्ध झालेलं उदाहरण नाही. अवयवरोपणातून मात्र लागण झालेली आहे. म्हणजे तुमच्या विषाणूला हा एक बदल हवा: माणसाच्या चाव्यातून तो सहज पसरायला हवा.

तेवढ्यानेही जग बुडणार नाही. साथ पसरवण्यासाठी चावा हा फार संथ मार्ग आहे, कारण त्यासाठी प्रत्येक वेळी एकाला गाठून धरावं लागतं. लस न घेतलेल्या समाजात गोवरचा एक रुग्ण हवेतून 12 ते 18 जणांना लागण करतो. 2009 मध्ये कॅनडातल्या गणितज्ञांनी झोंबींच्या साथीची समीकरणं मांडली, तेव्हा लवकर आणि वारंवार हल्ला केला नाही तर माणसं हरतात, असं उत्तर आलं. पण त्या मांडणीत मेलेले पुन्हा उठत होते. ते कलम काढलं की पारडं माणसांकडे झुकतं, कारण जिवंत झोंबीला पाणी लागतं, त्याच्या जखमा चिघळतात आणि तो काही दिवसांत मरतो.

म्हणून कथेतली भीती झुंडीवर उभी करू नका. चावा आणि लक्षणं यांच्या मधल्या काळावर उभी करा. रेबीजमध्ये हा काळ बहुतेक वेळा एक ते तीन महिन्यांचा असतो. तेवढे दिवस माणूस हिंडतो-फिरतो, त्याला काही जाणवत नाही, आणि लस त्याच काळात उपयोगी पडते, लक्षणं सुरू झाल्यावर नाही. तुमच्या कथेत डॉक्टर असेल तर त्याची सगळी धावपळ या महिन्यांत घडवा.