तीन कॉर्डवर बँड होतो का?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही तिघं विश्रामबागला राहतो, सेकंड इयरला आहोत. एक सेकंडहँड गिटार, एक बास आणि मित्राच्या चुलत्यांच्या गोडाऊनमधे पडलेला ड्रमसेट. कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सूर, तीन-चारच येतात. गॅदरिंगला वाजवतो म्हटलं की सगळे म्हणतात आधी चार वर्षं क्लास लावा. एक सीनियर म्हणाला रामोन्स ऐका. हे कोण? आणि आम्ही थांबावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अजिबात थांबू नका. सीनियरनं नेमका बँड सांगितलाय.

रामोन्स म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली पोरं, 1974 ला बँड काढला. जोई, जॉनी, डी डी, टॉमी, कुणी कुणाचा भाऊ नाही पण चौघांनी आडनाव एकच लावलं, रामोन. टॉमी मॅनेजरकी बघणार होता, ड्रमर जमेना म्हणून स्वतःच बसला. तेव्हा रॉकमधे लांबच लांब सोलो चालायचे, ह्यांची गाणी दोन-अडीच मिनिटांत खल्लास. 1976 चा पहिला अल्बम साधारण 6,400 डॉलरात झाला, 14 गाणी आणि अर्धा तास पण नाही. तेव्हा खपला नाही, अमेरिकेत गोल्ड, म्हणजे पाच लाख प्रतींचा टप्पा, व्हायला 2014 उजाडलं, तोवर जोई, डी डी, जॉनी तिघंही गेले होते आणि त्याच वर्षी जुलैत टॉमीही गेला. मला हे आजपण लागतं.

त्या 1976 च्याच जुलैत ते लंडनला वाजवायला गेले. क्लॅश ह्या तिथल्याच बँडची पोरं भेटली, तेव्हा नवीन होती, म्हणाली आमची अजून तयारी नाही. जॉनीनं सांगितलं, आम्हाला तरी कुठं वाजवता येतंय, येईपर्यंत थांबलात तर म्हातारे व्हाल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे बघ.

पण म्हणून ढिसाळ वाजवू नका हां. जॉनी जवळपास सगळं डाऊनस्ट्रोकवर वाजवायचा, हात फक्त खाली, तेही त्या स्पीडला. करून बघ, दोन गाण्यांत मनगट भरून येतं. मिरजेत सतारमेकर गल्लीत जवारी काढणारा, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवणारा माणूस एकाच तारेला कसा पुन्हा पुन्हा कान लावून बसतो ते जाऊन बघ, तसा एकच आवाज धरून घासायचा. 1996 ला थांबेपर्यंत रामोन्सनी 2,263 शो केले ते उगाच नाही.

गॅदरिंगला तीनच गाणी घ्या, मधे ट्यूनिंग नाही, भाषण नाही, वन टू थ्री फोर म्हणायचं की पुढचं सुरू. एखादं गाणं मराठीत स्वतःचं लिहा. आणि तारीख कळवा, मी येतो.