साडीतली मरिया

प्रिय चिऊ,

‘मरिया निळ्या झग्यात असते, मग आपल्या हॉलमधली साडीत का? ती खरी मरिया आहे का?’ कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या, वर्गातल्या मैत्रिणीने विचारलं आणि तू तो प्रश्न घरी घेऊन आलीस. गाडीत दोन वाक्यांत उरकण्यासारखा तो नाही, म्हणून लिहितेय.

आधी खऱ्या-खोट्याचं बघू. येशूची आई मरिया कशी दिसायची ते कोणालाच ठाऊक नाही. नाझरेथसारख्या खेड्यातल्या सुताराची बायको ती, तिच्या अंगावर असला उंची झगा कुठून येणार? तो निळा रंग तिला युरोपातल्या चित्रकारांनी दिला. लाजवर्द नावाचा दगड कुटून तो बनवायचे. दगड यायचा थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून, आणि रंग इतका महाग की सोन्याच्या पंक्तीला बसायचा. जे सगळ्यात मोलाचं ते मरियेला, असा त्यांचा भाव. चेहरा मात्र त्यांनी आपल्याच गावच्या बायकांचा काढला. तेव्हा तुझ्या मैत्रिणीची मरियाही कोणाच्या तरी गावचीच आहे.

आपल्याकडचं चित्र आंजेलो द फोन्सेका या चित्रकाराचं. म्हणजे छापील प्रत, मूळ चित्र आपल्याला कुठलं परवडायला! हे 1902 साली गोव्यात सांत इस्तेव्हला जन्मले. मुंबईला डॉक्टरकी शिकायला गेले, ती अर्ध्यावर सोडली आणि बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस यांच्याकडे चित्रकला शिकले. गोव्यात परत येऊन साडीतली मरिया काढायला लागले, तर आपलेच लोक बिथरले. राज्य पोर्तुगीजांचं, चर्चमधल्या मूर्ती सगळ्या गोऱ्या, आणि हा माणूस देवाच्या आईला शेजारची बाई करून ठेवतो! शेवटी ते पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. आश्रम अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, मंडळींनी काढलेला आणि हे कॅथलिक, तरी त्यांचं बरंचसं काम तिथेच झालं. पुढे लग्न झाल्यावर मरियेसाठी त्यांनी बायकोलाच, आयव्हीलाच, समोर बसवलं. 1967 साली ते गेले. आपल्या चर्चमध्ये लॅटिन जाऊन मराठीत मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आली ती त्याच सुमाराला. हे त्याच्या तीसेक वर्षं आधीपासून रंगांनी तेच करत होते.

आता चित्राजवळ जाऊन उभी राहा. साडीकडे नंतर बघ, आधी बसणं बघ. मरिया सिंहासनावर नाही, जमिनीवर मांडी घालून बसलीय. पाय अनवाणी. डोक्यावरून पदर, नजर खाली, आणि वलय म्हणजे एक बारीकशी रेघ, नीट बघितल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. मला या चित्रात सगळ्यात आवडतो तो तिचा डावा हात. आपल्या बायका कामात असतानाही बाळाला जसं सहज धरतात, तसं तिने धरलंय. कॅलेंडरवर साडीतल्या मरिया पुष्कळ मिळतात, पण चेहरा आणि उभं राहणं तेच परदेशी, वरून नुसती साडी गुंडाळलेली. फॅन्सी ड्रेसमधल्या पोरीसारखी दिसते बिचारी. मला ती मुळीच पटत नाही. फोन्सेकांच्या मरियेची साडी काढून झगा घातलास, तरी ती कोकणातलीच राहील.

आणि हे काही त्यांनी एकट्याने काढलेलं खूळ नाही. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण 1616 मध्ये छापलेलं त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत आहे, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला ओवीची सवय होती. वसईहून एवढी माणसं तमिळनाडूतल्या वेलंकनीला यात्रेला जातात, तिथल्या मरियेला तर खरीखुरी साडी नेसवतात. आजीच्या देव्हाऱ्यातली तसबीर तिचीच. आजीला कधी प्रश्न पडला नाही की ही खरी का ती खरी. ती झग्यातली आणि साडीतली, दोघींपुढे मेणबत्ती लावते आणि दोघींकडे तुझ्या परीक्षेचं गाऱ्हाणं घालते.

म्हणून नाताळच्या गोठ्याचं जे चित्र तुला वर्गात काढायचंय, त्यात मरियेला आजीसारखं लाल लुगडं खुशाल नेसव. टीचरनी विचारलं तर फोन्सेकांचं नाव सांग. त्यांची बरीच चित्रं गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरने जपून ठेवलीत, हेही सांग. फक्त लुगडं अंदाजाने काढू नकोस. निऱ्या कुठे येतात, पदर कसा जातो ते आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांग. शनिवारी सकाळी कर, तिकडे तेव्हा उजाडलेलं नसतं पण ती उठलेली असते. आणि मरियेच्या नवऱ्याला, योसेफाला, काय घालायचं ते तुझं तू ठरव, आजोबा तर आयुष्यभर पँट-शर्टातच वावरले!

तुझी,
आई