ड्युअल बूटचं इन्स्टॉलेशन अर्धवट राहिलं, आता फक्त 'ग्रब रेस्क्यू' दिसतंय. फॉरमॅट न करता डेटा वाचेल का?

फॉरमॅट करू देऊ नका. बाकीचं सविस्तर लिहिते, पण लॅपटॉप अजून त्या दुरुस्तीवाल्याकडेच असेल तर आधी फोन करून त्याला थांबवा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकताना मध्येच अडकलं, रीस्टार्ट केल्यावर काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येतं (ग्रब म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिम सुरू करून देणारा लिनक्सचा प्रोग्रॅम), विंडोज उघडत नाही, आणि दाखवायला नेल्यावर 'विंडोज उडालंय, फॉरमॅट मारू, डेटा नंतर सॉफ्टवेअरने काढू' असं सांगितलं गेलं. हे वाक्य मी जवळजवळ याच शब्दांत आधी ऐकलंय. माझ्या मावसबहिणीचं पीएचडीचं सगळं काम या एका वाक्यापायी जाणार होतं.

तिच्या लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम आधीपासूनच होत्या. एकच एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क), त्यावर विंडोजचा सी ड्राइव्ह, कामाच्या फाइलींचा डी, आणि जुन्या लिनक्सची रूट (सिस्टिमचं) आणि होम (स्वतःच्या फाइलींचं) अशी दोन पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग. विश्लेषणासाठी लागणारं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवर चालेना, म्हणून ती नवं लिनक्स टाकायला बसली. इन्स्टॉलर सी, डी अशी अक्षरं दाखवत नाही, डिस्कच्या नावापुढे नुसते आकडे दाखवतो. रूट आणि होम काढायचे होते, प्रत्यक्षात रूट आणि डी निघाले. नवा पार्टिशन टेबल (कुठला भाग कुठे आहे याची यादी) डिस्कवर लिहिला गेला आणि त्यानंतर पेनड्राइव्ह वाचता येईना म्हणून सगळं तिथेच थांबलं. रीस्टार्ट केल्यावर तुम्हाला दिसतंय तेच: ग्रब रेस्क्यू.

मी पोचले तेव्हा काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, एका माहितगार माणसाला घरी बोलावलेलं होतं. त्याने स्वतःच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून डिस्कचा नकाशा उघडला होता. डीच्या जागी 'अनॲलोकेटेड' लिहिलेलं दाखवून तो म्हणाला, "इथे काहीच उरलेलं नाही. नवीन व्हॉल्यूम बनवून फॉरमॅट करतो, मग रिकव्हरी चालवून बघू." बहीण रडत होती आणि काका मान हलवत होते. मी म्हटलं, "काका, माझ्यासाठी दहा मिनिटं थांबा. तोवर कुणी कशालाही 'ओके' म्हणायचं नाही."

त्या माणसाबद्दल मला राग नाही, पण त्याचं ज्ञान जुन्या हार्ड डिस्कच्या काळातलं होतं. फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट केलं तरी जुन्या फाइली बहुतांशी जागच्या जागी राहायच्या आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने निघायच्या. एसएसडीचं तसं नाही. तिथे फॉरमॅट करताना विंडोज डिस्कला ट्रिम नावाचा आदेश पाठवतं: हे सगळे ब्लॉक आता नको आहेत. त्यानंतर बहुतेक एसएसडी तिथून वाचल्यावर नुसती शून्यं परत देतात आणि सवडीने तो भाग खरोखर पुसून टाकतात. मग जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आणा, काही मिळत नाही. 'आधी फॉरमॅट, मग रिकव्हरी' हा क्रम एसएसडीवर सरळ सरळ घातक आहे, आणि तो अजूनही सर्रास सांगितला जातो याचा मला संताप येतो.

मुळात तिच्या डीला झालं काय होतं? जीपीटी या नव्या पद्धतीच्या टेबलमध्ये प्रत्येक पार्टिशनची नोंद १२८ बाइटची असते. कुठल्या सेक्टरपासून कुठल्या सेक्टरपर्यंत, प्रकार कोणता, नाव काय, एवढंच तिच्यात. ती एक नोंद गेली होती. तिच्या मोजमापांच्या फाइली, प्रकरणांचे मसुदे, फोटो, सगळं जिथल्या तिथे होतं. नवं पार्टिशन तिने जुन्या रूटच्या जागी मांडलेलं असल्यामुळे डीच्या जागेवर एक अक्षरही लिहिलं गेलं नव्हतं.

मी लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. इन्स्टॉल नाही, नुसतं 'ट्राय'. त्यात टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशनं शोधणारं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे, मुक्त आहे, दिसायला अगदी रुक्ष आहे, आणि या कामात त्याच्याइतका भरवसा मी कशावरच ठेवत नाही. डिस्क निवडली, 'ॲनलाइज', मग 'क्विक सर्च'. एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडून ठेवायची पद्धत) आपल्या पहिल्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी ठेवतं, त्यामुळे सुरुवात आणि शेवट दोन्हीकडून जुळवून बघता येतं. थोड्या वेळाने यादीत डीची ओळ आली, त्याच्या खऱ्या नावासकट. त्या ओळीवर येऊन पी दाबलं की आतल्या फाइलींची यादी दिसते. मी पी दाबलं आणि स्क्रीन बहिणीकडे वळवली. स्वतःच्या फोल्डरांची नावं वाचताना तिचा आवाज परत नेहमीसारखा झाला.

तिथे लगेच 'राइट' करायचं नाही हे मात्र लक्षात ठेवा. आधी बाहेरची डिस्क जोडून सगळ्या फाइली त्यावर कॉपी केल्या. टेस्टडिस्कमध्येच सी दाबून ते करता येतं. चार-दोन फाइली उघडून पाहिल्या आणि मगच टेबल परत लिहिला. डी जागेवर आला. काका म्हणाले, "म्हणजे गेलंच नव्हतं?" नव्हतंच गेलं.

आणि विंडोज? तेही 'उडालेलं' नव्हतं. चालू करताना बूट मेनू उघडला, तर 'विंडोज बूट मॅनेजर' हा पर्याय तिथे होता. निवडला, विंडोज उघडलं. ग्रब रेस्क्यूचा अर्थ इतकाच की ग्रब सुरू झालंय आणि त्याच्या पुढच्या फाइली ज्या पार्टिशनवर होत्या ते त्याला सापडत नाही. विंडोजशी त्याचा काही संबंध नाही. तुम्हीही सगळ्यात आधी हेच करा. बूट मेनूची की कंपनीगणिक बदलते. एफ १२, एफ ९ किंवा एस्केप बहुधा चालते. विंडोज उघडलं तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं. नंतर फर्मवेअरच्या (ज्याला बरेच जण बायोस म्हणतात) सेटिंगमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर'ला क्रमात वर आणा. विंडोजने एखादा ड्राइव्ह 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल' असं विचारलं तर 'कॅन्सल' करा.

मेनूत तो पर्याय नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवा. त्यातल्या दुरुस्तीच्या पर्यायातून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्ट या कमांडने ईएफआय पार्टिशनला (बूट फाइलींचा छोटा भाग) एखादं अक्षर द्या आणि बीसीडीबूट या कमांडने विंडोजच्या बूट फाइली तिथे नव्याने लिहा. इंटरनेटवर सगळीकडे बूटरेक या कमांडच्या फिक्स-एमबीआरचा सल्ला दिसेल. यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) असलेल्या मशीनवर त्याने काही साधत नाही. तुमची डिस्क एमबीआर या जीपीटीच्या आधीच्या पद्धतीची असेल, म्हणजे लॅपटॉप बराच जुना असेल, तरच तो उपयोगाचा.

यावर काही लोक म्हणतील की ड्युअल बूटच्या फंदात पडायचंच कशाला. आमचे काका आजही तेच म्हणतात. 'एका मशीनवर एकच सिस्टिम' हा त्यांचा जुना नियम, आणि त्या दिवशी फाइली परत मिळाल्यावरही तो बदलला नाही. त्यांच्या काळापुरता तो बरोबर होता. एमबीआरमध्ये डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, त्यातही बूटच्या कोडसाठी फक्त ४४६ बाइट, आणि तिथे एकच कुणीतरी बसू शकायचं. विंडोज नंतर टाकलं की ते लिनक्सचं बूटलोडर पुसायचं. यूईएफआयमध्ये प्रत्येक सिस्टिमच्या बूट फाइली ईएफआय पार्टिशनवर आपापल्या फोल्डरमध्ये राहतात. काका ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोज अपडेटचा दाखला देतात, ज्यानंतर बऱ्याच लोकांचं लिनक्स सिक्युअर बूटच्या (चालू होताना फक्त मान्य सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या) तपासणीत अडकून सुरूच होईना. ती घटना खरी आहे. पण तेव्हाही कुणाच्या फाइलींना त्या अपडेटने हात लावला नव्हता. सिक्युअर बूट बंद केलं की लिनक्स सुरू होत होतं. बहिणीच्या बाबतीत खरा धोका दोन सिस्टिमचा नव्हताच. कित्येक वर्षांच्या कामाची एकच प्रत होती आणि ती त्याच डिस्कवर होती. एकच सिस्टिम असती आणि एसएसडी बंद पडली असती, तर मी काहीच करू शकले नसते. म्हणून काका काहीही म्हणोत, तुम्ही ड्युअल बूट सोडू नका. बॅकअप घ्या आणि पुन्हा करा. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीला जागा असेल तर लिनक्स तिच्यावर टाका.

आता ज्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. तुमच्या विंडोजवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल (नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा आपोआप चालू असतं) तर टेस्टडिस्कला आतल्या फाइली दिसणार नाहीत. त्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. सिक्युअर बूट किंवा फर्मवेअरमधलं काहीही बदलण्याआधी फोनवरून लॉगिन करून ती कागदावर उतरवून घ्या. दुसरं, इन्स्टॉलरमध्ये तुम्ही 'पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा' निवडलं होतं का? तसं असेल आणि डिस्क एसएसडी असेल, तर मी खोटी आशा दाखवणार नाही. नवी फाइलसिस्टिम बनवताना लिनक्ससुद्धा ट्रिमसारखाच आदेश पाठवतं, आणि मग मिळण्यासारखं फार थोडं उरतं. तिसरं, जुनी हार्ड डिस्क असून ती टकटक आवाज करत असेल तर यातलं काहीच करू नका. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्या माणसाकडे द्या.

डिस्क एसएसडी आहे की हार्ड डिस्क, इन्स्टॉलरमध्ये कोणता पर्याय निवडला होता, आणि बूट मेनूत काय काय दिसतं, एवढं खाली लिहा. टेस्टडिस्कपर्यंत पोचलात तर 'राइट' करण्याआधी सापडलेल्या यादीचा फोटो टाका. मी बघून सांगते.