भावाची मूठ पटकन उघडत नाही, मोतीबिंदूपण झालाय, हा स्नायूंचा आनुवंशिक आजार असेल का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ 34 वर्षांचा आहे, काही घट्ट धरलं की बोटं लगेच सुटत नाहीत, दिवसभर झोप येते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय, आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणून स्नायूंचं काही नाही असं सांगितलंय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईला मायोटोनिक डिस्ट्रॉफी टाइप 1 (आवळलेले स्नायू लगेच सैल होत नाहीत असा आनुवंशिक आजार) आहे आणि तुमचं वाचून पहिलं तेच डोक्यात आलं. न्यूरोलॉजिस्टला हे नाव घेऊनच विचारा. यात सीपीके नॉर्मल असू शकतं, त्यावर विसंबून राहू नका.

घोळ असा होतो की डोळ्यांचं एका डॉक्टरकडे, झोपेचं दुसरीकडे, पोटाचं तिसरीकडे, सगळं एकत्र कुणासमोर येतच नाही, आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. ज्यांनी शेवटी ओळखलं त्यांनी आईला मूठ घट्ट आवळून एकदम उघडायला सांगितलं, तर बोटं सावकाश, एकेक करत सुटली. मग अंगठ्याखालच्या मांसल भागावर हातोडीनं हलकंच मारलं, अंगठा आत वळला आणि काही सेकंद तसाच राहिला. मूठ सारखी उघडझाप केली की हात मोकळा होत जातो, त्यामुळे पहिल्याच वेळी नीट बघायला सांगा.

पुढे ईएमजी (स्नायूंमधले विजेचे संकेत बघणारी तपासणी) आणि रक्ताची जेनेटिक टेस्ट. डीएमपीके नावाच्या जीनमध्ये सीटीजी ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ किती वेळा येतात (रिपीट) ते मोजतात, 50 च्या वर गेले की आजार धरतात. पण नेहमीच्या एक्झोम टेस्टमध्ये (बरेच जीन एकदम वाचणारी टेस्ट) हे रिपीट सहसा सापडत नाहीत, म्हणून 'डीएमपीके रिपीट टेस्ट' असं स्पष्ट लिहून घ्या. ती निगेटिव्ह आली तर टाइप 2 साठी सीएनबीपी जीनचं विचारा.

रिपोर्टची वाट न बघता ईसीजी मात्र लगेच काढा, हृदयाच्या ठोक्यांची गडबड हा यातला फार धोक्याचा भाग आहे. आणि मोतीबिंदूचंच काय, कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही शंका आधी सांगा, भुलीच्या औषधांनी यात श्वासाचा त्रास होऊ शकतो.

आईवडिलांपैकी कुणाला लवकर मोतीबिंदू झाला होता का? काहींना तेवढंच दिसतं आणि पुढच्या पिढीत आजार जास्त जोरात येतो. आजार असलेल्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची 50 टक्के शक्यता असते. घरात कुणी बाळाचा विचार करत असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा, विशेषतः बहीण असेल तर, कारण जन्मापासूनचा गंभीर प्रकार बहुतेक वेळा आईकडूनच येतो.