मातृसत्ताक, मातृवंशीय आणि आपले ‘मामंजी’

नेरुळच्या एका ताईंनी विचारलंय : सोसायटीच्या महिलादिनाला पाहुणे म्हणाले, ‘मेघालयात मातृसत्ताक पद्धत आहे, तिथे बायकांचं राज्य.’ मातृसत्ताक आणि मातृवंशीय एकच का?

अजिबात नाही. ठाण्यात काय, वाशीत काय, दर मार्चमध्ये हे ऐकून संताप येतो. मेघालयातल्या खासी समाजात कूळ आईवरून चालतं, घर धाकट्या मुलीकडे जातं. म्हणून तो मातृवंशीय. पण कुळात शब्द चालतो मामाचा, आणि गावच्या दरबारात परंपरेनं बसत आले ते पुरुषच. केरळात नायरांच्या तरवाडाचा, म्हणजे आईकडून चालणाऱ्या एकत्र कुटुंबाचा कारभारही कारणवर पाहायचा, म्हणजे घरातला थोरला पुरुष. वंश आईचा असला म्हणून सत्ता आईची होत नाही.

खरा कळीचा प्रश्न वेगळाच आहे : लग्नानंतर मुलगी कुणात जाऊन पडते? मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’त तो नेमका धरला. उत्तरेत मुलगी परगावी, अनोळखी माणसांत जाते. दक्षिणेत नात्यातच देतात, म्हणून सून घराला आधीपासून ठाऊक असते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात.

आता शब्द बघा. माहेर म्हणजे मातृगृह, प्राकृतात माइहर. एवढ्यावरून ‘पूर्वी इथे मातृसत्ता होती’ म्हणणारे विद्वान मला मुळीच पटत नाहीत. हिंदीतही मायका आहे आणि शेजारी पीहर, म्हणजे बापाचं घर, तेही आहे. मग तिथे कुणाची सत्ता मानायची?

त्यापेक्षा ‘मामंजी’ बघा! नौपाड्यात आमच्या चाळीतल्या घरी आई माझ्या आजोबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, मामंजी म्हणायची. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, पदर सावरत, ‘मामंजी, पानं घेतलीत.’ आजीला आत्याबाई. दोघांशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. काही जाणकार ही नुसती आदराची हाक म्हणून सोडून देतात. आदरच दाखवायचा तर काका का नाही, मावशी का नाही? आपल्याकडे कितीतरी जातींत मामाची मुलगी करायची रीत. आत्या भाचीला सून करून आणते. त्या मुलीची सासू खरीखुरी आत्याच. आणि आत्याच्या नवऱ्याला काय म्हणतो आपण? पुष्कळ घरांत मामाच! म्हणजे दोन्ही हाका एकाच लग्नातून निघाल्या आणि पुढे नात्याबाहेरून आलेल्या सुनेच्याही तोंडी बसल्या. माझी आई परक्या घरात आली, पण हाक मारताना भाची होती. कर्व्यांनी दाखवलेला मधला पट्टा मला तिच्या त्या हाकेत ऐकू येतो.

बेलापूर, दिवाळे, कोपरीकडच्या आगरी-कोळी घरांत जुन्या बायका सासऱ्याला काय म्हणायच्या? घरातल्या आजीला विचारा आणि ती उच्चारेल तसाच शब्द मला लिहून कळवा.