केळीला खत कधी घालायचं? फूल आल्यावर नाही!

प्रश्न: परसात वेलची केळीचं बेट आहे, पाचेक वर्षं झाली असतील. आता नुसती गर्दी झालीय आणि घड एकदम बारका, दोन-तीन फण्यांचा. केळफूल दिसलं की लगेच शेणखत आणि युरिया घालतो तरी फरक नाही. काय चुकतंय? (एक वाचक, वसई)

उत्तर: वेळ चुकतेय, आणि गर्दी तर आहेच. केळफूल खाली कंदापाशी तयार होतं आणि खोडाच्या आतून वर सरकत येतं, त्यामुळे ते तुम्हाला वर दिसतं तेव्हा घडाला किती फण्या लागणार हे आतल्या आत कधीच ठरून गेलेलं असतं. त्यानंतर घातलेल्या खताने केळी थोडी भरतील पण फण्या काही वाढणार नाहीत. म्हणून खरं खाणं द्यायचं ते मुनवा (बुंध्याशेजारी फुटलेलं पिल्लू) वाढीला लागल्यापासून पहिल्या पाच-सहा महिन्यांत.

आधी बेट मोकळं करा. एक घडावरचं झाड, एक अर्धं वाढलेलं आणि एक लहान मुनवा, बस्स! मुनवा ठेवताना अरुंद, तलवारीसारख्या पानांचा ठेवायचा, लहानपणीच रुंद पानं फुटलेला दिसायला छान दिसतो पण त्याचा कंद कमजोर असतो. बाकीचे कोयत्याने जमिनीलगत छाटा आणि मधला पोगा (कोवळा कोंब) टोकदार पहारीने खरवडून काढा, नाहीतर चार दिवसांत परत वर येतात. उपटायच्या भानगडीत मात्र पडू नका, आईची मुळं तुटतात.

खताचं म्हणाल तर शेतातल्या केळीला झाडामागे 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद, 200 ग्रॅम पालाश (म्हणजेच पोटॅश) असा हिशोब धरतात, म्हणजे युरिया साधारण 435 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 250 आणि म्युरेट ऑफ पोटॅश 335 ग्रॅम, हे सगळं पूर्ण पिकाचं हं, एका दिवसाचं नाही! परसात शेणखत भरपूर असेल तर माझ्या मते याच्या निम्म्यात भागतं. सुपर फॉस्फेट सुरुवातीलाच एकदा शेणखतात मिसळून द्या, युरिया दर महिना-दीड महिन्याने थोडा थोडा, आणि पोटॅश घड बाहेर पडेपर्यंत चालू ठेवा, लोक नेमकं तेच विसरतात. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळत आल्या तर बहुतेक पोटॅशच कमी पडलंय. खत बुंध्याला चिकटून ओतायचं नाही, फूटभर लांब गोल पसरायचं, वर माती ओढायची आणि लगेच पाणी. मुळं वरच्या थरातच असतात त्यामुळे खोल खणायचीही गरज नाही.

आणि वेलचीचं केळं मुळात लहानच असतं हो, त्याला बसराईच्या (मोठ्या केळ्याच्या जातीच्या) मापाने तोलू नका.

प्रश्न: केळीच्या साली, चहाचा चोथा रोज बुंध्याशी टाकते. एवढं पुरेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: नाही पुरणार. सालीत पालाश असतं पण घरच्या चार-सहा सालींत असून असून किती असणार, आणि केळ खूप खादाड आहे. टाकणं बंद करू नका, फक्त आधी कंपोस्ट करा, कच्च्या ढिगावर उंदीर-घुशी येतात. चुलीची लाकडाची राख मिळाली तर ओंजळभर घाला, तिच्यात पालाश चांगलं असतं, पण युरियात मिसळून नको, नत्र उडून जातं. घड काढल्यावर कापलेलं खोड तिथेच सडत ठेवू नका, खोड पोखरणारा सोंडकिडा त्यात अंडी घालतो, बारीक तुकडे करून कंपोस्टला लावा.

प्रश्न: केळफूल कधी कापायचं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: शेवटची फणी उघडली आणि पुढे नुसती न धरणारी फुलं गळायला लागली की वीतभर दांडा ठेवून कापा. ताजं आहे तोवर भाजी करून टाका. त्याच दिवशी घडाच्या बाजूने बांबूचा टेकू द्या, पहिल्या वळवाच्या वाऱ्यात भरलेल्या घडासकट झाड आडवं होतं.